तंट्यांच्या कचेरीत शिकाऊ विद्यार्थी

माणसामाणसांतले तंटे हाताळणाऱ्या सरकारी कचेरीत काही आठवडे किंवा महिने बसून काम शिकणे हा समाजकार्य, कायदा, मानसशास्त्र आणि लोकप्रशासन या विषयांच्या शिक्षणातला रुळलेला भाग आहे. समाजकार्य महाविद्यालयांत त्याला क्षेत्रकार्य म्हणतात, कायद्याचे विद्यार्थी इंटर्नशिप म्हणतात, आणि नव्या शैक्षणिक धोरणानंतर इतर शाखांत तेच ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग) या नावाने आले आहे. ज्या कचेरीत हे शिक्षण होते तिची जातकुळी मात्र वेगळी आहे. जन्मदाखला किंवा घरपट्टी यांच्या खिडकीवर अर्ज, शिक्का आणि पावती असा ठरलेला रस्ता असतो. इथे टेबलासमोर रडणारा, चिडलेला किंवा तोंडातून शब्द न काढणारा माणूस बसतो. त्याची तक्रार शेजाऱ्याविरुद्ध, नवऱ्याविरुद्ध, घरमालकाविरुद्ध किंवा अख्ख्या वस्तीविरुद्ध असते. ती ऐकायची कशी, हाच इथला मुख्य धडा आहे.

अमेरिकेतल्या शहरांत या कामासाठी स्वतंत्र मानवी संबंध आयोग असतात. १९४३ च्या जून महिन्यात डेट्रॉइटमध्ये गोऱ्या आणि काळ्या नागरिकांत दंगल होऊन ३४ माणसे मेली. त्याच वर्षी शिकागोच्या महापौरांनी वंशसंबंधांवर समिती नेमली आणि पुढच्या वर्षी लॉस एंजेलिस परगण्यात तशीच समिती उभी राहिली. या समित्यांचेच पुढे कायमचे आयोग झाले. घर भाड्याने देताना किंवा नोकरीवर ठेवताना केलेल्या भेदभावाची तक्रार, शेजाऱ्यांमधली मध्यस्थी, शाळांतले कार्यक्रम ही त्यांची नेहमीची कामे. अशा आयोगांत विद्यार्थ्यांना घेण्याची पद्धत तिकडे चांगलीच रुजलेली आहे.

भारतातल्या महापालिकांत या नावाचे खाते नसते. काम मात्र असतेच, आणि ते पोलीस, महिला व बालविकास विभाग, महापालिकेचा समाजविकास विभाग आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यांच्यात वाटले गेलेले असते. त्यामुळे इथल्या विद्यार्थ्याला एकच दार ठोठावून भागत नाही. आपल्याला नेमके काय शिकायचे आहे ते आधी ठरवून त्याप्रमाणे कचेरी निवडावी लागते.

महाराष्ट्रात या कामाची दोन ठळक उदाहरणे आहेत. पहिले भिवंडीचे. १९८४ च्या मे महिन्यात यंत्रमागांच्या या गावात भीषण दंगल झाली. १९८८ मध्ये तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांत हिंदू आणि मुसलमान रहिवाशांच्या समित्या बांधल्या. पोलीस अधिकाऱ्याने त्यांच्याबरोबर नियमित बसायचे, आणि नळाच्या भांडणापासून मिरवणुकीच्या मार्गापर्यंतचे विषय पेटण्याआधीच बोलून घ्यायचे, असा तो प्रयोग होता. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्यानंतर १९९४ मध्ये मुंबईतही पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिटी चळवळ उभी राहिली. या प्रयोगाचे मर्म त्याच्या कंटाळवाणेपणात आहे. दंगल नसतानाही बैठक घ्यायची, गेल्या वेळी काय ठरले ते वाचून दाखवायचे आणि कोण आले नाही याची चौकशी करायची. असे काम वर्तमानपत्रात छापून येत नाही, पण शिकणाऱ्याने पाहावे असे खरे काम हेच आहे.

दुसरे उदाहरण घरातल्या तंट्यांचे. १९८४ मध्येच टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. कल्पना साधी होती. मार खाल्लेली बाई शेवटी पोलिसांकडेच येते, तेव्हा प्रशिक्षित समाजकार्यकर्ती पोलिसांच्या आवारातच बसलेली असावी. पुढे राज्याच्या महिला व बालविकास विभागाने हे काम आपल्याकडे घेतले आणि जिल्ह्याजिल्ह्यांत असे कक्ष उघडले. या कक्षाच्या मुळाशी विद्यापीठ आणि सरकारी यंत्रणा यांचे जुने नाते आहे. टाटा संस्था स्वतः १९३६ मध्ये भायखळ्याच्या नागपाडा नेबरहूड हाउसमध्ये सुरू झाली. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे त्या वस्तीत आधीपासून काम करत होते, म्हणून वर्ग आणि वस्ती यांत अंतरच नव्हते. मुंबईचे निर्मला निकेतन (१९५५) आणि पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था (१९६३) यांनी पुढे हाच क्रम चालू ठेवला: आठवड्यातले काही दिवस वर्गात आणि काही दिवस कामावर.

महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे, पण मराठी वस्ती मोठी असलेल्या सुरतेत यातले काय आहे हे पाहताना आधी शहर डोळ्यांसमोर आणावे लागते. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीची लोकसंख्या सुमारे ४४ लाख ६७ हजार होती आणि तिचा फार मोठा भाग बाहेरून आलेला आहे. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत खानदेशातून तापी खोऱ्याच्या रेल्वेने आलेली मराठी कुटुंबे दोन-तीन पिढ्यांपासून राहतात. यंत्रमागांवर ओडिशाचे कामगार आहेत, प्रक्रिया कारखान्यांत उत्तर प्रदेश-बिहारचे. नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमांत चालतात, यावरून या शहरात किती भाषांत भांडणे होत असतील याची कल्पना येते.

शहराच्या पश्चिमेला हजीऱ्याच्या रस्त्यावर इच्छापोर आहे. गाव जुने आहे, पण त्याच्याभोवती आता जीआयडीसीची वसाहत आणि हिरे-दागिन्यांचा पार्क आहे, आणि पुढे हजीऱ्याचे पोलाद, वायू आणि बंदर यांचे मोठे कारखाने. अशा गावात मूळ रहिवासी आणि खोल्या भाड्याने घेऊन राहणारे कामगार शेजारी शेजारी असतात. ओळीने बांधलेल्या खोल्या, सामाईक नळ आणि संडास, रात्रपाळी करून दिवसा झोपणारा एक आणि दिवसा अंगणात पोरे खेळवणारा दुसरा, एवढ्यावर भांडण जुंपायला वेळ लागत नाही. भाडेकरू परप्रांतातला असेल तर त्या भांडणाला लगेच जातीचा, भाषेचा किंवा प्रांताचा रंग चढतो. इच्छापोरला स्वतःचे पोलीस ठाणे आहे आणि ते सुरत शहर आयुक्तालयाखाली येते. बहुतेक तक्रारी पहिल्यांदा तिथेच पोचतात.

पोलीस ठाण्याच्या पलीकडे विद्यार्थ्याला शिकता येईल अशा तीन जागा सुरतेत आहेत. अठवालाइन्सच्या जिल्हा न्यायालयाशी जोडलेले जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ही पहिली. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्याच कलमात औद्योगिक कामगारही आहे. इच्छापोर-हजीरा पट्ट्यातल्या कारखान्यात राबणाऱ्या माणसाला स्वतःचा हा हक्क सहसा ठाऊक नसतो, आणि तो त्याच्या भाषेत समजावून सांगणे हे विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यापासून जमण्यासारखे काम आहे. दुसरी जागा म्हणजे यूसीडी या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा महापालिकेचा नागरी समुदाय विकास विभाग. वस्त्यांतले बचत गट, फेरीवाले, रोजगार प्रशिक्षण ही त्याची कामे. पुणे महापालिकेत हेच काम समाजविकास विभाग करतो. तिसरी जागा स्त्रियांसाठीच्या सेवांची: सखी वन स्टॉप सेंटर, आणि गुजरातने २०१५ मध्ये राज्यभर सुरू केलेली १८१ अभयम हेल्पलाइन. हेल्पलाइनवर फोन आला की गरज असेल तेव्हा समुपदेशक गाडी घेऊन थेट घरी पोचते. शिकाऊ विद्यार्थ्याला त्या गाडीत बसवणे योग्य नाही. केंद्रातल्या पाठपुराव्याच्या कामात मात्र त्याचा उपयोग होतो.

विद्यार्थ्याच्या बाजूने नियमही अनुकूल आहेत. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार कायद्याच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते. ती कुठे करता येईल त्या यादीत वकील, न्यायालये आणि स्वयंसेवी संस्थांबरोबर स्थानिक स्वराज्य संस्थाही आहेत. पण एका वर्षात सलग चार आठवड्यांहून अधिक काळ ती करता येत नाही, आणि इथेच अडचण सुरू होते. चार आठवड्यांत तक्रारदाराचे नाव आणि चेहरा यांची गाठ पडते न पडते तोच मुदत संपते. समाजकार्याचे क्षेत्रकार्य आठवड्यातून ठरावीक दिवस पण वर्षभर चालते, म्हणून तंट्याच्या कचेरीला ते अधिक मानवते. जून २०२० मध्ये केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने आणि एआयसीटीईने मिळून ट्युलिप नावाची योजना आणली. तिच्यात पदवी घेऊन दीड वर्षाच्या आत असलेले तरुण महापालिकांत आणि स्मार्ट सिटी कंपन्यांत आठ आठवडे ते एक वर्ष शिकू शकतात. महाराष्ट्रात २०२४ पासूनची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना बारावी पास उमेदवाराला महिना ६,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये देते, पण ती बेरोजगार तरुणांसाठी आहे. शिकत असलेल्या विद्यार्थ्याला ती लागू होत नाही. विद्यार्थ्यांची बहुतेक क्षेत्रकार्ये आजही बिनपैशाची असतात, आणि इच्छापोरहून अठवालाइन्सला रोज जाण्यायेण्याचा खर्च ज्याला परवडत नाही तो या शिक्षणातून आपोआप गळतो. निदान प्रवासखर्च तरी कचेरीने किंवा महाविद्यालयाने द्यायलाच हवा.

कामाची सुरुवात महाविद्यालयाच्या पत्राने होते. पत्रात कालावधी, पर्यवेक्षक प्राध्यापकाचे नाव आणि कोणते काम अपेक्षित आहे ते लिहिलेले असावे लागते. शेवटची ओळ नसली की विद्यार्थी आवक-जावक नोंदवही आणि झेरॉक्स मशीन यांच्यामध्ये अडकतो. पहिल्या आठवड्यात कचेरीचे कायदे, शेजारच्या संस्थांचे पत्ते आणि फायली लावण्याची पद्धत समजून घ्यायची असते. दुसऱ्या आठवड्यापासून तो जाणत्या समुपदेशकाशेजारी गप्प बसतो. हे गप्प बसणे अवघड असते. विशीतल्या मुलाला किंवा मुलीला उपाय सुचवण्याची घाई असते, आणि तक्रारदाराने तर अजून निम्मेही सांगितलेले नसते.

खरी परीक्षा नोंद लिहिताना होते. समजा, लिंबायतच्या चाळीतली एक बाई आली आहे. ती अहिराणीत बोलते आहे, आणि समोरच्या कर्मचाऱ्याला गुजराती आणि हिंदी येते. नवखा विद्यार्थी ऐकून घेतो आणि लिहितो: ‘अर्जदार महिलेस पती त्रास देतो. समज दिली.’ या दोन वाक्यांचा पुढे कुणालाही काही उपयोग नाही. जाणती समुपदेशक ती नोंद परत देते आणि प्रश्न विचारते. मारहाण शेवटची कधी झाली? हाताने की कशाने? दवाखान्यात गेली होती का, तिथला कागद आहे का? पोरे आत्ता कुठे आहेत? काल रात्री ती कुठे झोपली? आधारकार्ड, रेशनकार्ड, पासबुक तिच्याजवळ आहे की घरातच राहिले? खानदेशातल्या माहेरी फोन केला का, आणि तिथून काय उत्तर आले? आणि सगळ्यात शेवटी, तिला स्वतःला काय हवे आहे? वेगळे व्हायचे आहे, की नुसता मार थांबायला हवा आहे, की आज रात्रीपुरता निवारा हवा आहे? या प्रश्नांची उत्तरे तिच्याच शब्दांत, तारीखवार लिहिली की ती नोंद न्यायालयात टिकते, पोलिसांना दाखवता येते आणि पुढच्या वेळी ती बाई आली तर तिला सगळे पहिल्यापासून सांगावे लागत नाही.

घरातून अहिराणी आणि शाळेतून मराठी-गुजराती घेऊन आलेला सुरतेतला विद्यार्थी अशा वेळी कचेरीला मोठा आधार ठरतो, आणि त्याला दुभाषा म्हणून राबवून घेण्याचा मोहही होतो. मात्र तो तक्रारदाराच्याच वस्तीतला किंवा नात्यातला असेल तर त्याने त्या प्रकरणातून बाजूला व्हायचे असते. ही गोष्ट स्वतःहून सांगायची, पर्यवेक्षकाने विचारण्याची वाट पाहायची नाही.

काही मर्यादा कायद्यानेच आखलेल्या आहेत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा घरगुती घटना अहवाल संरक्षण अधिकाऱ्याने किंवा नोंदणीकृत सेवादात्या संस्थेने द्यायचा असतो, विद्यार्थ्याने नव्हे. अॅट्रॉसिटी कायद्याखालची तक्रार समजुतीने मिटवण्याचा विषयच नाही, आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीचीही गरज उरलेली नाही. ‘दोघांना बसवून मिटवून टाका’ हा सल्ला इथे घातक ठरतो. बालकावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कानावर आली तर पॉक्सो कायद्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, म्हणून विद्यार्थ्याने ती त्याच दिवशी पर्यवेक्षकाला सांगायची. अशा बालकाची किंवा बलात्कारपीडित स्त्रीची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. क्षेत्रकार्याच्या अहवालात नावे बदलायची, वस्ती आणि व्यवसाय यांचे तपशील पुसट करायचे, आणि मोबाइलवर फायलीचा फोटो कधीही काढायचा नाही. मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला ‘आजची केस’ असा एक निरोपही तक्रारदाराच्या घरापर्यंत पोचू शकतो.

विद्यार्थ्याची स्वतःची सुरक्षाही याच चौकटीत येते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा कर्मचाऱ्याच्या व्याख्येत प्रशिक्षणार्थीलाही धरतो, तेव्हा कचेरीची अंतर्गत तक्रार समिती शिकाऊ विद्यार्थिनींसाठीही आहे. गृहभेटीला एकट्याने जायचे नाही, अंधार पडल्यावर जायचे नाही, आणि दारूच्या नशेतल्या पुरुषाची समजूत घालत बसायचे नाही.

मनावर येणारा भार वेगळाच. चार दिवस मारहाणीच्या हकिगती ऐकल्यावर विशीतल्या मुलीला झोप लागत नाही, किंवा उलट, तिला काहीच वाटेनासे होते. दुसरी अवस्था अधिक काळजीची. म्हणून समाजकार्य शिक्षणात दर आठवड्याला प्राध्यापकाबरोबर वैयक्तिक चर्चा ठेवलेली असते आणि तिच्यासाठी लिहून आणलेला अहवाल पुढे ठेवावा लागतो. कायद्याच्या विद्यार्थ्यांना अशी सोय क्वचितच मिळते, आणि ती त्यांच्या अभ्यासक्रमातली खरी उणीव आहे. न्यायालयात उलटतपासणी कशी घ्यायची ते शिकवले जाते. ऐकलेले दुःख घरी कसे नेऊ नये हे कुणी शिकवत नाही.

सगळ्यात दुर्लक्षित राहतो तो निरोपाचा टप्पा. महिनाभर एकाच विद्यार्थिनीशी बोललेली बाई पुढच्या सोमवारी येते आणि खुर्चीत अनोळखी माणूस असतो. विश्वास पुन्हा बसायला वेळ लागतो, आणि काही बायका परत येतच नाहीत. म्हणून चांगल्या कचेऱ्यांत हस्तांतराचा नियम असतो. मुदत संपण्याच्या दोन-तीन आठवडे आधी विद्यार्थिनी तक्रारदाराला आपण जाणार असल्याचे सांगते, पुढच्या समुपदेशकाला त्याच खोलीत बोलावून ओळख करून देते, आणि फायलीत एक पान लिहून ठेवते: काय झाले, काय राहिले, पुढची तारीख कोणती, कोणता फोन सुरक्षित आहे आणि कोणत्या वेळी करायचा. नवरा घरात असताना वाजलेला फोन त्या बाईला महागात पडू शकतो, त्यामुळे या पानावरची शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची.

शेजारतंट्यांच्या कामाला येत्या काळात वाव वाढणार आहे. २०२३ च्या मध्यस्थता कायद्यात सामुदायिक मध्यस्थीची तरतूद आहे. एखाद्या भागातल्या रहिवाशांची किंवा कुटुंबांची शांतता बिघडवू शकेल असा तंटा दोन्ही बाजूंच्या आगाऊ संमतीने तीन मध्यस्थांपुढे ठेवता येईल अशी तिची रचना आहे, आणि त्यासाठी अर्ज विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा जिल्हा अथवा उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे करायचा आहे. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ पासून चाललेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने गावपातळीवर याच्याशी मिळतेजुळते काम केले आहे. तिथल्या समित्यांच्या नोंदवह्या हे विद्यार्थ्यासाठी उत्तम वाचन आहे: बांधाचे, वाटेचे, पाण्याचे भांडण कोणत्या शब्दांत आले आणि कोणत्या शब्दांत मिटले ते त्यांत पाहायला मिळते.

इच्छापोर परिसरातल्या विद्यार्थ्याने अर्ज करताना सत्र सुरू होण्याआधीच महाविद्यालयाचे पत्र घ्यावे आणि ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे किंवा महापालिकेच्या यूसीडी विभागाकडे हातपोच द्यावे. अर्जात आपल्याला बोलता आणि लिहिता येणाऱ्या भाषा वेगवेगळ्या नमूद कराव्यात, कारण मराठी बोलता येणे आणि गुजरातीत नोंद लिहिता येणे ही दोन वेगळी कामे आहेत. आठवड्याचे कोणते दिवस आणि किती वाजेपर्यंत थांबता येईल तेही लिहावे. मुदत संपल्यावर मिळणाऱ्या प्रमाणपत्रात नुसते दिवस न मोजता किती नोंदी लिहिल्या, किती गृहभेटींना सोबत गेला आणि किती प्रकरणे रीतसर हस्तांतर केली हे लिहून मागावे.